न पिणाऱ्याच्या घरची वाईन

आमचे घरमालक काका दुधाची पिशवीसुद्धा आधी लेबल दाखवून मग फोडायचे. रोज सकाळी फ्रिजसमोर उभे, डाव्या हातावर घडी घातलेला पांढरा नॅपकिन, पिशवी दोन्ही तळव्यांवर आडवी आणि छापील बाजू काकूंकडे. "मॅडम, गाईचं. तारीख आजची." काकू म्हणायच्या, "ओता हो आता, चहा व्हायचाय." मग काका ओतायचे आणि शेवटी मनगटाला जरासा पीळ द्यायचे. पातेल्याबाहेर थेंब पडलेला मी कधी बघितला नाही. मी एकदा करून बघितलं, ओटा पुसावा लागला.

मुंबईतल्या एका मोठ्या हॉटेलात काकांनी तीस वर्षं वाईन वाढली. वाढली म्हणजे फक्त वाढली. स्वतः थेंब घेतला नाही. पंचशील पाळणारा माणूस, रविवारी सकाळी पांढरा सदरा घालून विहारात पहिल्या रांगेत. पाचवं शील नशा न करण्याचं. ते त्यांनी भर बाटल्यांमध्ये उभं राहून पाळलं. कोणी छेडलंच, की "तुम्ही तर जन्मभर दारूच्या धंद्यात," तर शांतपणे सांगायचे, "मी विकत नव्हतो. मी ओतत होतो." त्यावर आतून काकूंचा आवाज यायचा, "आणि कोट मी धूत होते! वास जायचा नाही आठ आठ दिवस."

मग न पिता कळायचं कसं, कुठली चांगली आणि कुठली गेलेली? नाकाने. काका ग्लास हलकेच गोल फिरवायचे, नाक आत घालायचे आणि अर्ध्या श्वासात निकाल द्यायचे. "चव म्हणजे बहुतेक वासच असतो रे. जीभ उगाच पुढे पुढे करते." हॉटेलात म्हणे परदेशी पाहुणे आधी यांचं नाक मागायचे आणि मग बाटली.

आणि नेमकं ते नाक गेलं. रिटायर होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील, तो साथीचा ताप आला. बाकी सगळं परत मिळालं. भूक आली, ताकद आली, वास आला नाही. हे त्यांनी कोणाला म्हणजे कोणाला सांगितलं नव्हतं. काकूंनासुद्धा नाही.

मी या घरात शिरलो तेव्हा मला यातलं काही माहीत नव्हतं. मी मूळचा आंबिवलीचा. कोलशेतला एका रंगाच्या कंपनीत डिस्पॅचला लागलेलो, रोजच्या जाण्यायेण्याने पिट्टा पडलेला, म्हणून वर्तकनगरात काकांच्या घराला लागून असलेली एक खोली बघायला गेलेलो. एकट्या पोराला कोण खोली देतो? सहा घरमालकांनी हाकललेलं. "पिता का?" या प्रश्नाला मी सहाही ठिकाणी "नाही" म्हटलेलं आणि एकानेही विश्वास ठेवला नव्हता. काकांनी तोच प्रश्न विचारला तेव्हा माझी नजर त्यांच्या शोकेसवर गेली. उंच दांडीचे चार ग्लास उलटे टांगलेले, शेजारी बाटली. डोक्यात काय शिरलं देव जाणे. मी पाय टाकला पायावर आणि म्हणालो, "फक्त वाईन, काका. तीही चाखण्यापुरती. जरा समजतं मला त्यातलं."

समजतं! ऑफिसच्या पार्टीत प्लास्टिकच्या ग्लासातून एकदाच प्यायलेलो आणि शेवटपर्यंत कोकम सरबत समजत होतो.

काकांनी माझं तोंड नीट न्याहाळलं आणि म्हणाले, "कधी येताय राहायला?" सोबत आलेला ब्रोकर चाट पडला. मी घरी जाऊन आईला सांगितलं, की माझ्या व्यक्तिमत्त्वाची छाप पडली.

झालं, माझी शाळा सुरू झाली. वर्तकनगरात वाईन पिणारे कमी, पण वाईनच्या बाटल्या घरोघर. दिवाळीला कंपनीने दिलेल्या, भाच्याने विमानतळावरून आणलेल्या, लग्नात कोणीतरी चिकटवलेल्या. देवघराखालच्या कपाटात वर्षानुवर्षं उभ्या. कधीतरी घरात पाहुणे आले की त्यांची आठवण व्हायची आणि मग बूच काही निघायचं नाही. कोणी स्क्रू ड्रायव्हर घुसवायचं, कोणी सुरी. शेवटी कोणीतरी धावत यायचं, "काका, जरा येता का? अर्धं बूच आत गेलंय." काका नॅपकिन उचलायचे, खिशात बूच काढायचा स्क्रू टाकायचे आणि निघायचे. मागून मी, त्यांचा असिस्टंट, तोंडावर तज्ज्ञाचे भाव आणून.

एकदा डोंबिवलीला काकूंच्या बहिणीकडे गेलेलो. तिथे तांबडी वाईन स्टीलच्या पेल्यात, वर बर्फ, वर सोडा. मला हसू आवरेना. एका महिन्यात मी एवढा शहाणा झालेलो! काकांनी मात्र एकेका पेल्यात तितक्याच अदबीने ओतली, बर्फाचे खडे चिमट्याने नीट ठेवले आणि "अजून थोडा सोडा?" असं विचारलं. परत येताना मी म्हटलं, "काका, सांगायचं ना त्यांना." ते म्हणाले, "ज्याच्या घरी गेलो, त्याला लाजवायचं नाही. जो आपल्या घरी आला, त्यालाही नाही. ओतणाऱ्याचं काम एवढंच. बाकी सगळं बाटली करते." मला तेव्हा ते भाषण वाटलं.

घरी मात्र नियम कडक. "तांबडी वाईन रूम टेम्परेचरला द्यायची असं पुस्तकात असतं. कुठली रूम? वर्तकनगरातली? मे महिन्यात?" म्हणून तांबडी बाटली आधी वीस मिनिटं फ्रिजमध्ये. पांढरी उलट, दहा मिनिटं आधी बाहेर, नाहीतर थंडीने तिचं तोंड उघडत नाही. ग्लास तिसरा हिस्सा भरायचा, कारण वरचा रिकामा भाग वासासाठी. तरुण, दांडगी वाईन असली की तिला हवा द्यायची. त्यासाठी डिकँटर कुठून आणणार? काकूंचा सरबताचा रुंद काचेचा जग होता, त्यात काका उंचावरून धार सोडायचे आणि अर्धा तास तसाच ठेवायचे. "जुनी असेल तर हे करायचं नाही हं. म्हाताऱ्या माणसाला एकदम वाऱ्यावर बसवू नये."

पण त्यांचा खरा जीव उरलेल्या वाईनवर. प्यायची नाही, फेकायची नाही, मग टिकवायची. हवा काढायचा एक छोटा पंप आणि रबराची बुचं त्यांच्याकडे होती, पण विश्वास काकूंच्या जुन्या बाटल्यांवर. मधाच्या, गुलाबपाण्याच्या, औषधाच्या अशा लहान बाटल्या गरम पाण्याने धुवून ओळीने खिडकीत उपड्या. अर्धी उरली की त्या मापाची बाटली घ्यायची, पार गळ्यापर्यंत भरायची, हवेला जागाच ठेवायची नाही, घट्ट झाकण आणि फ्रिज. "हवा सुरुवातीला मित्र, नंतर वैरी," म्हणायचे. लहान बाटल्या धुवायचं काम माझ्याकडे आलं. ज्याला वाईनमधलं समजतं त्याला भांडी घासायला लावतात, हे मला तिथे कळलं.

विहारातली मंडळी घरी येणार असली की काकू सगळ्या बाटल्या माझ्या खोलीत पाठवायच्या. एका रविवारी हे असं स्थलांतर झालेलं आणि नेमकी माझी आई आंबिवलीहून न सांगता आली. कपाट उघडलं, तर पाच बाटल्या. आई खाटेवर बसलीच. काका स्वतः धावत आले. "आई, त्या माझ्या आहेत. मी पीत नाही."

"तुम्ही पीत नाही, हा पीत नाही," आई म्हणाली, "मग काय भिंती पितात?"

आजही आमच्या नात्यात मी ठाण्यात बिघडलेला पोरगा म्हणूनच ओळखला जातो. सुधारलो म्हणे कल्याणला, लग्नानंतर. प्रत्यक्षात ठाण्यात मी जेवढी वाईन प्यायलो, तेवढ्याने सर्दीसुद्धा बरी झाली नसती. माझं काम वास घ्यायचं.

ते काम असं. दर शनिवारी संध्याकाळी काका एखादी बाटली काढायचे, ग्लास माझ्यापुढे ठेवायचे आणि विचारायचे, "सांग." मी नाक खुपसायचो. मला खरं सांगायचं तर दोनच वास यायचे, वाईनचा आणि धुतलेल्या ग्लासाचा. पण मोबाईलवर व्हिडिओ बघून शब्द जमवलेले. "ओकचं लाकूड आहे, काका. मागून थोडं लेदर." काका विचारायचे, "लेदर म्हणजे? चप्पल की पट्टा?" मी डोळे मिटून म्हणायचो, "पट्टा." ते मान डोलवायचे, वहीत काहीतरी लिहायचे आणि बाटली ठेवायची की ओतून टाकायची ते ठरवायचे. ते मला का विचारतात, हा प्रश्न मला पडला नाही. मला वाटायचं, गुरूला शिष्य आवडलाय.

दुसऱ्या महिन्यात एकदा मी भाडं द्यायला गेलो, काकू बाजारात. काका ओट्याशेजारी खुर्ची टाकून पेपर वाचत बसलेले आणि गॅसवर दूध आटून, करपून, पातेल्याचा कोळसा झालेला. वास माझ्या खोलीपर्यंत आलेला. आणि हे हाताच्या अंतरावर बसून शब्दकोडं सोडवतायत. मी ओरडलो तेव्हा त्यांनी बघितलं. गॅस बंद केला, पातेलं नळाखाली धरलं आणि माझ्याकडे पाठ करून म्हणाले, "काकूंना सांगू नकोस. मला वास येत नाही रे. कसलाच." त्यांचे खांदे हलत होते. मी त्यांच्या हातातलं पातेलं घेतलं आणि घासायला लागलो.

तेव्हा तरी मी तोंड उघडायला हवं होतं. काका, तुम्ही ज्याच्या नाकावर चालताय ते नाक नुसतं चेहऱ्यावर लावलेलं आहे, असं सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. खोली चांगली होती, पाणी चोवीस तास होतं आणि मला "तज्ज्ञ" म्हणवून घ्यायची चटक लागलेली. नालायकपणा, दुसरं काय.

मग तो फोन आला. काकांनी ज्याला अठराव्या वर्षी बाटली धरायला शिकवलेलं, तो आता मोठा साहेब झालेला. ठाण्यात त्याच्या कंपनीचं नवं हॉटेल उघडत होतं, नवी पोरं-पोरी भरती झालेली. "सर, दर शनिवारी येऊन त्यांना सर्व्हिस शिकवाल का? रविवारी घरी येतो, बोलू." फोन ठेवल्यावर काका घरभर फिरत होते. जुना काळा कोट काढून त्यांनी उन्हात टाकला. काकू म्हणाल्या, "बघ, कितीतरी दिवसांनी माणूस शीळ घालतोय." मला मात्र बाजूला घेऊन म्हणाले, "त्याला नाकाचं कळलं तर संपलं. आंधळ्याला कोण ड्रायव्हिंग शिकवायला बोलावतो? आपण स्वयंपाकघरात ओतायची, तू वास घ्यायचा, मग मी बाहेर न्यायची."

शिवाय त्यांना हौस करायची होती. गुरुवारी एका शेजाऱ्याकडे एक खरोखर भारी बाटली उघडलेली, अर्धी उरलेली. ती त्यांना रविवारी वाढायची होती आणि प्यायल्यावर सांगायचं होतं, की ही तीन दिवसांपूर्वी उघडलेली आहे. "उडेल तो," म्हणाले. उरलेली भरायला लहान बाटली मीच आणून दिली. खिडकीतल्या रांगेतली, रुंद तोंडाची, दोनदा विसळलेली.

रविवारी पाच वाजता साहेब आले. आल्याआल्या वाकून काकांच्या पाया पडले, काकूंच्या पडले, चुकून माझ्याही पडणार होते. काकू मागच्या अंगणात वाळत घातलेल्या मिरच्या उचलायला गेल्या. मी आणि काका स्वयंपाकघरात. काकांनी झाकण काढलं, ग्लासात ओतली, माझ्या हातात दिली आणि माझ्या तोंडाकडे बघत उभे राहिले.

मी वास घेतला आणि थक्क झालो. पहिल्यांदाच मला वाईनमध्ये वाईनपलीकडचं काहीतरी आलं! तिखट, आंबट, खमंग. व्हिडिओवाले ज्याला मसाल्याची छटा म्हणतात ती हीच, माझी खात्री पटली. सकाळपासून घर आवरण्यात जेवलेलो नव्हतो, पोटात एकदम खड्डा पडला. मी म्हणालो, "काका, अप्रतिम!" काकांचा चेहरा उजळला.

त्यांनी बाहेर जाऊन काय सुंदर वाढली हो! लेबल म्हणून रिकामी मोठी बाटली दाखवली, लहानीतून ओतली, पीळ दिला, एक पाऊल मागे सरून उभे राहिले. साहेबांनी ग्लास फिरवला, नाकाशी नेला. क्षणभर थांबले. मग एक घोट घेतला, गिळला आणि म्हणाले, "व्वा, सर." दुसरा घोटही घेतला. त्यांचे डोळे पाणावलेले. मला वाटलं, भावना.

तेवढ्यात काकू मागच्या दाराने आत आल्या आणि उंबऱ्यातूनच म्हणाल्या, "लोणच्याची बरणी कोणी उघडली रे?"

काकू वास काढत काढत हॉलपर्यंत आल्या, टेबलावरची लहान बाटली उचलली, झाकण हुंगलं. "अहो, ही कशाला घेतली? यात मी कैरीच्या लोणच्याचा खार ठेवलेला. झाकणाच्या आतलं रबर काढून धुवायचं राहिलंय अजून."

काकांनी आधी साहेबांकडे बघितलं. साहेब खाली मान घालून ग्लासाची दांडी बोटांनी फिरवत बसलेले. त्यांना पहिल्या वासातच कळलेलं आणि तरी ते प्यायलेले. कोणी शिकवलं असेल, वेगळं सांगायला नको.

काका खुर्चीत बसले. पाहुण्यासमोर ते बसलेले मी तेव्हा पहिल्यांदा बघितले. "माझं नाक गेलंय," म्हणाले. "दीड वर्ष झालं. तुझ्यापासून लपवलं. सगळ्यांपासून लपवलं. मला भीती वाटत होती."

काकूंच्या हातात बाटली तशीच. "म्हणजे रोज जेवताना म्हणता, भाजीचा काय सुंदर वास सुटलाय, ते?"

"अंदाजाने," काका म्हणाले.

"मला वाटायचं," काकू म्हणाल्या, "उशिरा का होईना, माणसाला माझ्या हाताची किंमत कळली." आणि त्या रडायला लागल्या. काका उठून त्यांच्याजवळ गेले, पण हात कुठे ठेवावा ते त्यांना कळेना. शेवटी नॅपकिन पुढे केला.

आता मला गप्प बसवेना. मी म्हटलं, "काका, चूक माझी. मला वाईनमधलं काहीच समजत नाही. कधीच समजत नव्हतं. लेदर, ओक सगळं खोटं."

"ते पहिल्याच दिवशी कळलं," काका म्हणाले. "समजणारा माणूस 'जरा समजतं' म्हणत नाही."

"मग मला का ठेवलंत?"

"मी तीस वर्षं वाईनपेक्षा जास्त पिणाऱ्यांची तोंडं बघितली. बोलतात काहीही. पण खराब ग्लास नाकाशी गेला की माणसाच्या नाकपुड्या आक्रसतात, श्वास मध्येच तुटतो. तुझं तोंड फार सरळ आहे. तू खोटं बोलायचास, तोंड खरं सांगायचं. मी ते वाचायचो." मग कपाळाला हात लावून म्हणाले, "आज तुझ्या तोंडाला पाणी सुटलेलं रे! मला वाटलं, काय वाईन आहे!"

साहेब हसायला लागले. मग काकू, डोळे पुसता पुसता. मी पण हसलो, पण माझे कान लाल झालेले. इतक्या शनिवारांत मी एकदाच खरा निघालो, तेही कैरीच्या लोणच्यासाठी.

जाताना साहेब दारात म्हणाले, "सर, शनिवारी या. नाकवाली माणसं आहेत माझ्याकडे. तोंड बघून ओतणारं कोणी नाही." काकांनी लगेच होकार दिला नाही. काकूंकडे बघितलं. काकू म्हणाल्या, "जा. पण तिथे पहिल्यांदा खरं सांगा. आता मला अजून एक घर फसवलेलं चालणार नाही."

पहिल्या शनिवारी काकांनी मलाही नेलं. मी समजलो, असिस्टंट म्हणून. वर्गात पंधरा-वीस पोरंपोरी, काळ्या पँटी, पांढरे शर्ट. काका कोट घालून, हात पाठीमागे धरून पुढे उभे राहिले. "मी तुम्हाला वाईन वाढायला शिकवणार आहे," म्हणाले. "मला वास येत नाही. तापात गेला. येईल की नाही, डॉक्टरांना माहीत नाही." वर्गात चुळबूळ झाली. मागे कोणीतरी खुसखुसलं. काकांनी मला पुढे ओढलं. "हे आजचे पाहुणे. हे वाईनबद्दल जे बोलतील ते ऐकू नका. फक्त तोंड बघा."

टेबलावर तीन ग्लास. मी ठरवलं, आज दगड व्हायचं. पहिल्याला म्हणालो, "सुंदर." दुसऱ्याला म्हणालो, "सुंदर." तिसऱ्यालाही तितक्याच थंडपणे म्हणालो, "सुंदर." स्वतःवर खूष होतो.

डोंबिवलीहून येणारी एक बुटकी मुलगी उभी राहिली. "सर, तिसरी वाढू नका."

"का? पाहुणे सुंदर म्हणाले."

"म्हणाले, सर. पण श्वास अर्धाच घेतला त्यांनी."

काकांनी तिसरा ग्लास उचलला. सवयीने नाकापर्यंत नेला, तिथे थांबले, आणि वास न घेताच तो सिंकमध्ये ओतून टाकला. तीस वर्षांत त्यांनी दुसऱ्याच्या शब्दावर ग्लास ओतून टाकल्याचं कोणी पाहिलं नसेल. मग ते तिच्याकडे वळले. "पुढच्या शनिवारी पुढच्या बाकावर बस," म्हणाले. "मला तुझी गरज लागणार आहे."